न उघडलेलं झाकण

आधीच सांगून टाकते: चेंबरचं झाकण आम्ही उघडलंच नव्हतं. लोखंडी होतं, जड होतं, आणि कडेने जो वास येत होता त्याने माझं डोकं उठलं होतं. चौघांच्या ग्रुपमध्ये मी एकटी मुलगी, आणि बाकीचे तिघं माझ्या तोंडाकडे बघत उभे, कारण सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षात सर्व्हेला पहिला नंबर माझा. लंबू, म्हणजे आमचा पट्टी धरणारा, म्हणाला, "उचलायचं का?" मी म्हटलं, "तुला हौस असेल तर उचल." झालं. हौस कुणालाच नव्हती.

काम तसं साधं होतं. कॉलेजच्या मागे कर्मचाऱ्यांची घरं आहेत. तिथलं सांडपाणी फाटकाजवळच्या मोठ्या चेंबरपर्यंत न्यायचं होतं, अंतर एकशे साठ मीटर. सरांनी ठरवलं की लेव्हल मुलांनीच घ्यायची आणि त्यावरच खरी पाइपलाइन टाकायची; नुसती कागदावरची कामं करून मुलं बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. दुर्बिणीतून बघायचं, समोर उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. त्यावरून कुठली जागा किती उंच, किती खोल ते कळतं. शेवटचा आकडा चेंबरच्या तळाचा, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण पाणी तिथे पडणार. मग मोजत मोजत परत सुरुवातीच्या जागेवर यायचं. निघतानाची उंची आणि परत आल्यावरची उंची जुळली की काम चोख.

जाताना आम्ही सगळं नीट मोजलं, अगदी देवाशपथ. तळाचा आकडा आणि परतीचे सगळे आकडे मात्र मी कँटीनमध्ये चहा पिता पिता लिहिले. तळ सव्वा मीटर खोल धरला, आवारातली बाकीची चेंबर्स तेवढीच होती. परतीचा फरक मुद्दाम चार मिलिमीटर ठेवला. शून्य आलं की सरांना संशय येतो, हे मला ठाऊक होतं. लंबू म्हणाला, "बाई गं, तुझ्या डोक्याचा विमा काढायला हवा." मी काय, चढलेच हरभऱ्याच्या झाडावर.

सरांनी ती वही वर्गात फिरवली. "बघा, काम असं करायचं. खाडाखोड नाही, लपवाछपवी नाही." मी मान खाली घालून विनयाने हसले. ते हसू आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

पाइप टाकले मिस्त्रींनी. आमच्या कॉलेजची सगळी बारीकसारीक बांधकामं तेच करायचे. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. मी कधी त्यांच्याशी दोन शब्द बोलले नव्हते. माझ्या वहीतले आकडे त्यांना कागदावर उतरवून दिले गेले आणि मी परीक्षेच्या अभ्यासाला लागले.

परीक्षा संपवून यंत्र परत करायला स्टोअरमध्ये गेले, तर काका तोंड पाडून बसलेले. काका म्हणजे सर्व्हेच्या यंत्रांचे स्टोअरकीपर, राहायला त्याच मागच्या घरांपैकी पहिल्या घरात. मला 'आमची इंजिनीअर' म्हणायचे. नेहमी थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी भडकलाच होता.

"न्हाणीघरात पाणी परत येतंय, पोरी. गुडघ्याएवढी घाण! तुझी काकू दोन दिवस शेजारी जाऊन अंघोळ करतेय."

"का पण?" मी विचारलं.

"का म्हणजे? त्या मिस्त्रीने उतार खाल्ला. शेवटचे दोन पाइप वर चढवून ठेवलेत त्या शहाण्याने! पाणी काय जिना चढून जाणार? तुझ्यासारख्या पोरीने एवढं चोख मोजून दिलं आणि ह्या बाबाला कागद बघून दोरी धरता येईना. म्हातारचळ लागलाय, दुसरं काय."

मला तिथल्या तिथे कळलं काय झालं असणार. चेंबर सव्वा मीटर खोल नव्हतंच. मिस्त्री माझ्या आकड्यांप्रमाणे उतार देत देत आले, तर शेवटी पाइप चेंबरच्या तळाच्याही खाली गेला. मग करणार काय बिचारे? शेवटचे पाइप उचलून कसेबसे आत घातले. माझ्या वहीवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. सरांनी वर्गात फिरवलेली वही ती.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. "काका, मीच" एवढे दोन शब्द. पण मी नुसतं "अरेरे," म्हटलं, आणि सटकले. अरेरे! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

चार दिवस मूग गिळून बसले. लंबूला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप बस, निकाल लागू दे." मनात सबबींना तोटा नव्हता. चेंबर उथळ बांधणाऱ्याची चूक नाही का? सरांनी स्वतः तपासायला नको होतं? रोज सकाळी एक नवी सबब शोधायचे आणि दुपारपर्यंत ती कुजायची. काकूला शेजारच्या दारातून ओल्या केसांनी बाहेर पडताना पाहिलं आणि रस्ता बदलला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

पाचव्या दिवशी कळलं की सरांनी मिस्त्रींना शनिवारपर्यंत पाइप नीट करायला सांगितलंय आणि शनिवारनंतर येऊ नका म्हणून. आता नवा माणूस बघणार. त्या दिवशी गुरुवार होता.

मी सरळ चरावर गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, पण मिस्त्रींना पाहिलं आणि सगळं विसरले. डोळ्यांवर कोरा चष्मा, कानामागे सुतळीने बांधलेला. चराची माती उपसून ते पाइपांवर दोरी ताणून बघत होते, चष्मा काढून बघत होते, घालून बघत होते.

"ताई, तुम्हीच ना त्या पहिल्या नंबरच्या?" त्यांनी वर बघत विचारलं. "एक काम कराल? तुमच्या त्या दुर्बिणीतून बघा जरा, माझा उतार कुठनं ढळला ते. मला तर दिसेना. चष्मा घेतला. डोळेवाला म्हणतो, नजर साफ आहे, मी म्हटलं, दे तरी. नजर साफ असती तर एवढं चुकलं असतं का?"

मी तशीच स्टोअरमध्ये गेले आणि यंत्र मागितलं. काका म्हणाले, "दाखव त्याला त्याचे प्रताप," आणि पट्टी खांद्यावर घेऊन स्वतःच निघाले.

मी यंत्र लावलं. काका एकेका पाइपावर पट्टी धरत गेले आणि मी आकडे वाचत गेले. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. दहावा, विसावा बरोबर. एवढं सरळ काम मी लॅबमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं. उचललेले शेवटचे दोन पाइप सोडले, तर नुसत्या दोरीने आणि सपाटी बघायच्या पाण्याच्या नळीने त्या माणसाने सगळ्या लाइनला एकसारखा उतार दिला होता. काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मग घोळ कुठे आहे?" ते म्हणाले.

"झाकण उघडा," मी म्हटलं.

मिस्त्रींनी पहार घातली, दोघांनी मिळून झाकण सरकवलं. काकांनी पट्टी तळावर टेकवली. मी आकडा मोठ्याने वाचला. चेंबर एक मीटरच खोल होतं. पुरतं वीतभर माप माझं चुकलं होतं.

"वहीतला आकडा चुकलाय," मी म्हटलं. "मिस्त्रींचं काम बरोबर आहे. सगळंच बरोबर आहे."

मिस्त्री चरात उभे होते. त्यांनी विचारलं, "माझं बरोबर?"

"हो."

"उतार बरोबर?"

"तंतोतंत."

त्यांनी चष्मा काढला आणि तळहाताने तोंड पुसलं. हसले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. "ताई, तुमचे फार उपकार झाले," ते म्हणाले. "घरी सांगून टाकलं होतं मी, की आता माझ्या हातून होत नाही, हे काम सोडतो म्हणून. उपकार झाले बघा." आणि मातीने भरलेले हात त्यांनी माझ्यासमोर जोडले.

काकाही नरमले. "चुकतं माणूस," ते मला म्हणाले. "शिकतेयस अजून. एखादा आकडा इकडचा तिकडे होतो. तू स्वतः येऊन सांगितलंस, हेच मोठं."

बघा, किती सोपं होतं! दोघांनीही माफ केलं होतं. तिथून नुसतं निघून जायचं होतं मी. उलट थोडी वाहवाही झाली असती, की पोर प्रामाणिक आहे. पण ते जोडलेले हात माझ्यासमोर तसेच होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"हात खाली करा," मी ओरडलेच. "आकडा चुकला नाही. मी मोजलंच नव्हतं. हे झाकण आम्ही उघडलंच नाही. वास येत होता म्हणून. परत येतानाचंही मोजलं नाही. कँटीनमध्ये बसून मनाने लिहिलं सगळं."

काका पट्टी मिटायला लागले. तिचे तीन तुकडे एकात एक सरकवायला त्यांना कधी वेळ लागत नाही, त्या दिवशी लागला.

"आणि मी त्या मिस्त्रीला काय काय बोललो," ते स्वतःशीच पुटपुटले. "तुझ्यासमोर बोललो. तू ऐकत होतीस."

मिस्त्रींनी चष्म्याची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मला वाटलं आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मनाने," ते म्हणाले. मग चरातून वर येत, "हे सरांसमोर बोलाल?"

"बोलते."

"आत्ता?"

पहिल्या वर्षाची परीक्षा अजून व्हायची होती, त्यांच्यावर सरांचा तास चालू होता. साठ-सत्तर मुलं बसलेली, आणि त्यांतल्या निम्म्यांनी माझ्या नोट्स मागून नेलेल्या. संध्याकाळी केबिनमध्ये सांगते, असं अगदी ओठांवर आलं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, विश्वासही नव्हता. ते फक्त वाट बघत होते, की ही आता काय करते.

"आत्ता," मी म्हटलं.

आम्ही दोघं आवार ओलांडून गेलो. काका आले नाहीत. जिन्यावर मिस्त्री माझ्यामागे दोन पायऱ्या राखून चढत होते. मी थांबले की तेही थांबायचे. वर्गाचं दार उघडंच होतं, सर फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते. मला बघून पुढच्या बाकावरच्या दोन मुली ओळखीचं हसल्या.

मागे खसफस झाली म्हणून वळले, तर मिस्त्री दाराबाहेर वाकून आपल्या चिखलाच्या चपला काढत होते.

"नको, राहू द्या ना," मी म्हटलं.

"शिकायची जागा आहे, ताई," ते म्हणाले आणि चपला भिंतीकडेला नीट लावून ठेवल्या.

मी दारात उभी राहून सरांना हाक मारली.