सोशिक सुनेचा आकडा

भांडी घासून झाली, डबे भरून झाले, आणि सून सासूबाईंबरोबर दातांच्या दवाखान्यात निघाली. दोन वर्षं तिचा जबडा दुखत होता. तोंड उघडलं की कानापुढे कटकन वाजायचं, चावता चावता गाल ठणकायला लागायचा. म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी, एकटी, घास कुसकरून जेवायची. नवरा म्हणायचा, थकवा असेल. सासूबाई म्हणायच्या, काम नको असलं की माणसाला काहीतरी दुखतंच. आज तपासणीत काही निघालं तर उपचार सुरू होणार होते. नाही निघालं तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही, असं नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं.

तपासणी साधी होती. दाब मोजणाऱ्या यंत्राची, टोकाला रबर लावलेली एक दांडी तपासनीस बाई गालाच्या स्नायूवर आणि कानापुढच्या सांध्यावर हळूहळू दाबणार. सुनेच्या हातात एक बटण; ते दाबलं की त्या क्षणीच्या दाबाचा आकडा नोंदला जाणार.

"दाब दुखायला लागला की बटण दाबायचं. लगेच, बरं का ताई."

दाब वाढत गेला. सुनेने खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं, पण अंगठा काही हलेना. लग्न ठरताना तिचं एकच कौतुक झालं होतं, मुलगी सोशिक आहे. बाळंतपणात तिने हूं का चूं केलं नाही, हे सासूबाईंनी चार घरी जाऊन सांगितलं होतं. त्याच सासूबाई आता समोरच्या बाकावर बसून बघत होत्या. शेवटी यंत्राची मर्यादा आली आणि तपासनीस बाईंनीच दांडी उचलली.

आकडा पडला तो इतका मोठा की धडधाकट माणसाचाही सहसा येत नाही.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "काही झालेलं नाही तिला. उगाच आमचा दिवस गेला."

तपासनीस बाईंनी पेन टेबलावर आपटलं. या आठवड्यातली ही चौथी. पुरुष येतात, रबर लागतंय न लागतंय तोच बटण दाबून मोकळे होतात. या बायका मात्र परीक्षेला बसल्यासारख्या सोसत राहतात आणि ठणठणीत ठरून घरी जातात. गप्प बसण्याला गुण म्हणणाऱ्या घरांनी यंत्रालासुद्धा खोटं बोलायला लावलं होतं, आणि त्याची लाज कुणालाच वाटत नव्हती.

"ताई, किती सोसता येतं ते मी विचारलंच नाही. दुखायला कधी लागलं, ते सांगा."

सून सासूबाईंकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? सांग, नाही दुखलं म्हणून."

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

सासूबाई पिशवी उचलून उठल्या. सुनेला हायसं वाटलं. आता खरं सांगता येईल, दुखणं आहे असा तपासणीचा कागद मिळेल. पण घरी तो कागद कोण मानणार? बाईंनी पढवलं, एवढं म्हटलं की विषय संपला. तिला स्वतःचाच राग आला. दोन वर्षं ती आपलंच दुखणं चोरीच्या मालासारखं लपवत होती.

"आईंना राहू द्या," ती म्हणाली. "त्यांच्यासमोरच घ्या परत."

दहा मिनिटं थांबून बाईंनी पुन्हा डाव्या गालाला दांडी लावली. जेमतेम दाब पडला आणि बटण वाजलं.

"एवढ्यात?" सासूबाई म्हणाल्या.

"हो आई. एवढ्यातच दुखतं. रोज दुखतं."

सांध्यावर त्याहून लवकर वाजलं. मग बाईंनी तेच रबर तिच्या न दुखणाऱ्या हातावर दाबलं, तेव्हा मात्र कितीतरी वेळ वाजलं नाही. सासूबाईंनी तेही पाहिलं.

"लोक काय म्हणतील, आमची सून इतकी नाजूक?" त्या पुटपुटल्या. "चल, उशीर झाला. स्वयंपाक व्हायचाय."

सून उठली नाही.

"अजून उजवी बाजू राहिली आहे," ती म्हणाली, आणि तिने बाईंकडे मान वळवली.