नववी वही

दुकानात बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मी काहीच केलं नाही. तेवीस वर्षं हे ऐकून माझे कान किटले आहेत. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी एका आजोबांनी खुर्चीत बसता बसता 'हा माझ्या बायकोनं बिघडवला, काल दुपारी' असं सरळ सांगून टाकलं, तेव्हा मला बरंच वाटलं. मग बाईंनाच का नाही आणलंत, असं मी विचारलं. लॅपटॉप टेबलावर ठेवणारा त्यांचा मुलगा खाली बघत म्हणाला, की आईला जाऊन सहा महिने झाले.

आजोबांना दिसत नव्हतं. मुलगा मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागला, पण दुकान जेमतेम आठ पावलांचं आणि आजोबांचे कान तिखट, त्यामुळे बाजूला घेण्यात काही अर्थ नव्हता. दृष्टी जायच्या आधी बाबांनी आपल्या आयुष्याबद्दल नऊ वह्या भरून लिहिलं होतं. आई रोज दुपारी चारला बाहेरच्या खोलीत बसायची आणि त्या वह्या मोठ्याने वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची, बाबांना पुन्हा ऐकता याव्यात म्हणून. आठ झाल्या, नववी राहिली. आणि आता बाबांचं म्हणणं असं, की ती अजूनही रोज चारला येऊन कळा दाबते.

मुलाला त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं होतं. बॅग भरून गाडीत ठेवली होती. आजोबांनी त्याला एकच अट घातली होती, ती त्यांनी मलाही ऐकवली.

"हा उघडा. सहा महिन्यांत कुणी हात लावलेला नसेल, तर माझं डोकं फिरलंय असं समजून मी मुकाट्यानं जातो. लावलेला असेल, तर मी घर सोडणार नाही."

असली कामं मी घेत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण आजोबा दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवून बसले होते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसे. मी पावती फाडली.

लॅपटॉपची डिस्क मरायला टेकली होती. अशा डिस्कवर प्रयोग करायचे नाहीत, हा माझा नियम. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, मग जे काय करायचं ते नकलेवर. त्यात दोन दिवस गेले. नक्कल निघाली, पण नुसतीच निघाली. सगळी डिस्क कुलूपबंद होती, आणि पासवर्ड दिल्याशिवाय आतला मजकूर म्हणजे निव्वळ कचरा. पासवर्ड विसरला तर म्हणून एक लांबलचक आकडा मिळतो, तो कुठे आहे असं मी मुलाला फोनवर विचारलं. आईनं तो अगदी जपून ठेवलाय, तो म्हणाला. कागद हरवतात म्हणून कॉम्प्युटरमध्येच ठेवलाय. मी कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी दोघे आले तेव्हा नक्कल लॅपटॉपमध्ये बसवलेली होती आणि पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट उघडी होती. यापुढे माझा इलाज नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

आजोबा म्हणाले, "पासवर्ड मला माहीत नाही. पण मी तो ऐकलाय."

दोन वर्षं आतल्या खोलीत बसून ऐकलाय, म्हणाले. आधी चार कळा, मग ती लांब कळ, मग दोन, पुन्हा लांब, मग चार. पहिली कळ सैल आहे, ती जरा खडखडते. मी एकेक कळ दाबत गेले आणि ते मान हलवत गेले. अक्षरांच्या खालच्या रांगेतली डाव्या कोपऱ्यातली झेडची कळ दाबली तशी त्यांचा चेहरा उजळला. पण पुढच्या कळा नक्की होईनात. बाराव्या चुकीनंतर माझं डोकं तापलं आणि मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की बाई चारला काम करत असताना तुम्ही आत काय करायचात.

"काय करणार? आतून विचारायचो, झालं का तुझं? ती म्हणायची, थांबा, राहिलंय अजून."

मी बोटांवर मोजलं. चार, दोन, चार. 'झालं का तुझं' हेच तीन शब्द इंग्रजी अक्षरांत टाकले आणि कुलूप उघडलं.

आनंद व्हायला मला वेळच मिळाला नाही. समोर रेकॉर्डिंगची यादी होती. बाई गेल्या त्या तारखेनंतरही दर दिवशी एक, चार वाजता. शेवटचं मंगळवारचं. मुलगा म्हणाला घड्याळ चुकलं असेल. मी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नव्हता. मग माझ्या मनात होतं तेच तो बोलला: बाबाच उठून बसत असतील, त्यांच्याही नकळत. आजोबांनी त्यावर वाद घातला नाही. लावा, एवढंच म्हणाले.

मी मंगळवारचं लावलं. माइकच्या अगदी जवळ वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. वाचणं नाही, नुसतं पान. थोड्या वेळानं आणखी एक. लांब कुठेतरी रेडिओ चालू होता आणि कुणीतरी खोकत होतं. तो खोकला मी गेला तासभर समोर ऐकत होते. मग त्याच लांबच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "झालं का तुझं?"

जवळ वही मिटल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली. आणि माइकला तोंड लावल्याइतक्या जवळून एक बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, "हो. झालं."

पुढे काही नव्हतं. मी घाबरले होते, उगाच कशाला लपवू? मुलगा भिंतीला टेकून खाली बसला होता आणि आई, आई, एवढंच पुटपुटत होता. आजोबा म्हणाले, हे उत्तर मला मंगळवारी भिंतीपलीकडून ऐकूच आलं नव्हतं.

शेवटी मुलानं डोळे पुसले. "बाबा, चुकलो मी. तुम्ही घरीच राहा. बॅग काढतो गाडीतून."

आजोबा काठी चाचपत उठले.

"राहू दे. आता घरी कशाला जायचं? झालं म्हणाली ना ती."

मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते बाहेर पडले. लॅपटॉप टेबलावरच राहिला होता, चालू. मी हाक मारून त्यांना परत बोलावलं नाही.