मांजर रुळेपर्यंत

सत्यभामाबाईंच्या पायाचा अंगठा उंदरांनी कुरतडला आणि म्हातारीला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. असणार कसा? वर्षापूर्वी अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. डावा पाय आहे म्हणायचा, एवढंच. सकाळी सून चहा घेऊन गेली तर गोधडी लाल. म्हातारी मात्र खुशाल विचारते, "साखर घातलंस काय गो?" कांताच्या हातातली कपबशी तिथेच फुटली.

लालबागची ती चाळ म्हणजे उंदरांचं माहेर. खाली किराण्याचं गोदाम, पलीकडे गिरणीची भिंत, मधून उघडं गटार. माणसं भाडं भरून राहायची आणि उंदीर फुकट. कांतानं पिंजरा लावून पाहिला, तर उंदीर खोबरं खाऊन पिंजऱ्याबाहेर. औषध घालावं तर म्हातारी जमिनीवरच निजणारी. चालता हात चुकून त्या गोळीवर गेला आणि तोंडात गेला, म्हणजे कल्याणच. शेवटी म्हातारीच म्हणाली, "मांजर बघ गो खंयतरी. गावाक आमच्या घरात मांजर होता, उंदराची काय बिशाद!"

पहिलं मांजर सीतारामनं आणलं. सीताराम म्हणजे म्हातारीचा मुलगा, कांताचा नवरा. गिरणीत साचेखात्यात, मागांवर होता. माणूस सोन्यासारखा, पण दार लावणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! अख्ख्या चाळीत दिवसाउजेडी कुणाचं दार लागत नसे. लावलं तर लोक विचारायचे, "काय हो, आजारी कोण?" सीताराम पाळीवरून आला, दार सताड टाकून मोरीत पाय धुवायला गेला, आणि मांजर तिकडच्या तिकडे पसार झालं. तो हसला. म्हणाला, "गेला तर गेला. मांजरांका काय तोटो?"

त्याच आठवड्यात उंदरांनी म्हातारीचा पाय पुन्हा धरला. या खेपेला जखम चिघळली, पाय काळानिळा पडला आणि इस्पितळात दोन बोटं कापावी लागली. सीतारामला डॉक्टर काहीबाही समजावत होते. तो ऐकत नव्हता, फक्त पट्टीकडे बघत होता. घरी आल्यावर आईच्या पायाशी बसून तो लहान मुलासारखा रडला. "माझ्यामुळा झाला आये. एक दार लावूक जमला नाय माका." म्हातारीनं चालत्या हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कांतानं मात्र तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं. तिला नवऱ्याचा इतका राग आला होता की दोन दिवस ती त्याच्या ताटात न बघता वाढत होती.

दुसरं मांजर तिनं स्वतः आणलं. चिंचपोकळीला ग्रेसी म्हणून बाई होती. नवरा सिल्वेस्टर लेथवर काम करायचा, ती ब्लाउज शिवायची आणि काजं-बटणांचं काम कांताला घरी द्यायची. तिच्याकडे एक भुरी मांजरी होती, रोझी. उंदराला मानेत धरून आपटायची म्हणे.

"घेऊन जा बाय," ग्रेसी म्हणाली, "तुझ्या सासूचा पाय वाचू दे. पन एक सांगते. मांजर मानसाला वळखत नाय, घराला वळखते. आठवडाभर दार उघडं ठेवू नको. एकदा का घर तिच्या नाकात बसलं, मग तू हाकललीस तरी जानार नाय."

कांतानं मांजरी पोत्यात घातली, तोंड बांधलं. वाट दिसता कामा नये, नाहीतर परत जातं. घरी आल्यावर म्हातारीनं पडल्या पडल्या सगळं करवून घेतलं. चुलीभोवती तीनदा फिरव. चुलीला कपाळ टेकव. चारी पायांना चुलीतली राख चोळ. आता घरातल्या थाळीत दूध दे, फुटक्या करवंटीत नको. पाहुण्यासारखं वागवलंस तर पाहुण्यासारखं निघून जाईल. "आणि ह्या रोझी-बिझी काय ता माका सांगू नको," म्हातारी म्हणाली. पण संध्याकाळी तीच आपली "रोझ्ये, रोझ्ये" करत होती.

मांजरी फळीवरच्या डब्यांमागे जाऊन बसली ती बसलीच. दाराची जरा फट दिसली की बाण सुटावा तशी धावायची. तेव्हा कांतानं फर्मान काढलं. दार आतून कडी लावून बंद. कुणी आलं की कडी वाजवायची आणि बाहेर थांबायचं. ती आधी मांजरी पकडणार, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवणार, वर वरवंटा ठेवणार आणि मग कडी काढणार. शेजारणी नाक मुरडून म्हणाल्या, "कांताबाईकडे आता राणीच्या भेटीसारखं थांबावं लागतं हो!" कांतानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं सीतारामला दारात उभं करून बजावलं, "तुमका पण तोच कायदो. झाकला म्हणान सांगीपर्यंत हलूचा नाय."

"नाय हलणार," तो म्हणाला. आणि खरंच, त्या माणसानं कानाला खडा लावला. पाळीवरून दमून आला तरी कडी वाजवून गॅलरीत उभा राही. आतून धडपड, डब्यांचा आवाज, कांताच्या शिव्या. हा बाहेरून हळूच विचारी, "झाकलंस?" शेजारचे अप्पा त्याची थट्टा करायचे. तो म्हणायचा, "दोन बोटांचो दंड आसा अप्पा, भरूक होयो." अशा वेळी कांताचा राग थोडा थोडा उतरू लागला होता, हे तिनं त्याला सांगितलं मात्र नव्हतं. सांगायचं होतं. मांजरी रुळली की सांगू, असं तिच्या मनात होतं.

मांजरी रुळतही होती. चौथ्या-पाचव्या दिवशी फळीवरून उतरली, म्हातारीच्या गोधडीचा वास घेतला आणि तिच्या त्या मेल्या पायाशी वेटोळं करून बसली. म्हातारी श्वास रोखून पडून राहिली, हलले तर उठून जाईल म्हणून. रात्री मोरीजवळ एक झटापट झाली आणि सकाळी तिथे मेलेला उंदीर होता. कांतानं तो शेपटीला धरून म्हातारीला दाखवला, तेव्हा दोघी सासवा-सुना कितीतरी दिवसांनी हसल्या.

आणि नेमकी त्याच दिवसांत, छप्पन सालच्या जानेवारीत, रेडिओवर बातमी आली, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. लालबाग-परळ पेटलं. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावर दगडांचे आणि पिंपांचे अडसर उभे राहिले, कर्फ्यू लागला. धुरानं डोळे चुरचुरायचे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! ज्या चाळीत दार लावणं म्हणजे अपमान, तिथे आता ओळीच्या ओळी दारं धडाधड लागत होती. कांता म्हणाली, "बरा झाला. आता सगळ्यांच्याच घरात मांजरां." असं बोलून गेली खरी. पुढे हे वाक्य तिला आठवायचं आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

त्या दुपारी कर्फ्यू थोडा वेळ उठला होता. घरात रॉकेल संपलेलं, लाकडं कधीचीच संपलेली. सीताराम बाटली घेऊन निघाला. जाताना त्यानं स्वतः मांजरी डालग्याखाली ठेवली, दाराबाहेर गेला आणि म्हणाला, "लाव कडी." तो गेल्यावर कांतानं डालगं काढलं. दिवसभर कोंडून ठेवायचं मुक्या जिवाला, तिच्यानं बघवेना.

थोड्या वेळानं खाली घोषणा सुरू झाल्या. मग पोलिसांच्या लॉरीचा आवाज, पळापळ, बायकांच्या हाका, "वर या रे, वर या!" दगड पत्र्यावर आपटत होते. मग बार झाला. मांजरी भेदरून फळीवर चढली, डबे खाली आले, चटणी-मीठ सांडलं. बार गेले कित्येक दिवस ऐकू येत होते, दूर नाक्यावर, हिंदमाताकडे. कांताला वाटलं, हेही तसेच कुठेतरी लांब असतील.

कडी वाजली.

"अगो, मी."

"थांबा! फळयेर चढला हा!"

"झाकलंस काय?"

"नाय हो! गावत नाय! जरा थांबा!" ती स्टुलावर चढली, मांजरीनं तिच्या मनगटावर ओरखडा काढला आणि खाली उडी मारून थेट दाराशी गेली, फटीला नाक लावून. दार उघडलं असतं तर त्या क्षणी गेलीच असती. कांताचा हात कडीपर्यंत पोचलेला होता. म्हातारी मागून ओरडली, "आधी तिका झाक गो! पळान जातला! माझो पाय गो!"

कांतानं हात मागे घेतला.

बाहेरून सीताराम म्हणाला, "झाक, झाक. सावकाश. मी हयच उभो आसंय."

आवाजात जराही घाई नव्हती. का नव्हती, तेवढंच तिला पुढे जन्मभर कळलं नाही: खाली बंदुका वर रोखलेल्या, गॅलरी रिकामी, शेजारची दारं अर्धवट उघडून लोक त्याला आत ओढायला हाका मारतायत, आणि हा माणूस हातात रॉकेलची बाटली धरून आपल्या दारात कायदा पाळत उभा आहे. अप्पा नंतर सांगायचे, "मी म्हटलं, सीताराम, माझ्याकडे ये! तर मला हातानं खूण केली, की उघडतेय ती."

कांतानं मोरीच्या कोपऱ्यात मांजरी धरली. डालगं टाकलं, वरवंटा ठेवला. तेवढ्यात अगदी जवळ बार झाला, एवढा जवळ की भिंतीचे पोपडे उडाले. बाहेर काच फुटली. दाराच्या फटीतून रॉकेल आत आलं, घरंगळत, पसरत.

"झाकला हां!" ती म्हणाली, आणि कडी काढली.

तो दाराला टेकून होता. दाराबरोबर तोही आत आला.

* * *

पुढचं काय सांगायचं? पोलीस प्रेत चाळीतून थेट नेऊ देईनात, नेलं तेव्हा मोजकीच माणसं आणि मागेपुढे लॉरी. चाळीत आणखीही एक-दोन घरांत हेच झालं होतं, त्यामुळे रडायलाही कुणी एका ठिकाणी नव्हतं. कांताचं दार आता सताड उघडं होतं. माणसं येत होती, जात होती, चपला उंबऱ्याशी साठत होत्या. कुणीतरी बसायला जागा करायला डालगं उचललं. मांजरी बाहेर आली. उघड्या दारातून गॅलरीत गेली, कठड्याखाली बसून अंग चाटलं, आणि परत आली. माणसांच्या पायांतून वाट काढत म्हातारीच्या पायाशी जाऊन बसली. घर तिच्या नाकात बसलं होतं.

कांतानं ते पाहिलं आणि तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तिनं मांजरीला मानगुटीला धरून गॅलरीत भिरकावलं. "जा! जा आता! दार उघडा आसा, जा ना!" मांजरी दोन दारं पलीकडे गेली आणि आली. पुन्हा फेकली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा कांतानं वरवंटाच उचलला. बायकांनी तिला धरलं. भेटायला आलेली ग्रेसी रडत म्हणाली, "दे बाय, मी घेऊन जाते तिला. दे मला." कांता द्यायलाच निघाली होती. तिला त्या मांजरीचा जीव घ्यायचा होता, आणि स्वतःचाही.

तेव्हा म्हातारी बोलली. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"नको न्हेव. ऱ्हवांदे. माझो पाय आसा अजून."

पोटचा पोर गेला आणि ही पायाचं बोलते, असं बायकांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांतली एक, कुणाची तरी मावशी, चौकशी केल्याशिवाय जिला घास उतरत नाही अशी, म्हणाली, "पण मी म्हणते, दारात येऊन पोचला होता ना? मग आत कसा नाही आला? अप्पा तर सांगत होते, कडी वाजवत उभा होता. दार लावलेलं होतं का गं?"

आता सांगायचं. सगळ्यांसमोर सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. तिनं तोंड उघडलं.

"दार उघडाच होता," म्हातारी म्हणाली. "अप्पांका काय दिसता? दार उघडाच होता. ह्या माझ्या सुनेन हात पुढे केलेल्यान. तेनाच उंबऱ्यात पाय टाकूक उशीर केल्यान."

बोलताना तिनं कांताकडे पाहिलं नाही. मांजरीकडे पाहत होती. कांताला कळलं की म्हातारी दोघींसाठी खोटं बोलते आहे. ओरडली तीही होती. ती मावशी "हं हं" म्हणून पदर सावरत उठली.

संध्याकाळी माणसं पांगली. चुलीत आग नव्हती, शेजारून भाकरी आली होती. कांतानं ती थाळीत कुस्करली, वर उरलेलं दूध ओतलं आणि म्हातारीच्या पायाजवळ ठेवली. मांजरी खायला लागली. तिच्या जिभेचा लपलप आवाज खोलीभर येत होता. दोघी बायका तो ऐकत बसल्या. कुणी उठून दार लावलं नाही.