न गेलेल्यांची सभा

बिरुदेवानं आयुष्यात एकदाच लोकांचं नेतृत्व केलं, आणि तेही कुणी कुठं जायचं नाही यासाठी.

होटगीच्या पलीकडं त्याचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला माळ, माळावर गायरान आणि गायरानाला लागून धनगरवस्ती. हे गायरान एका सोलार कंपनीला भाड्यानं द्यायचं घाटत होतं. ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा, म्हणजे गावातल्या प्रत्येक मतदाराचा होता. असं खुद्द सरकारच म्हणत होतं, त्यामुळं शंकेला जागा नव्हती. सरपंच दानेश्वरीबाई होत्या. त्यांचे यजमान गुरुबसप्पा त्यांच्या वतीनं बोलत, हसत आणि प्रसंगी रागावतही. सही मात्र बाई स्वतः करत.

गुरुबसप्पांचा कुणावर राग नव्हता. पंचायतीला भाडं मिळेल, गावाला वीज मिळेल, आणि मेंढरांचं म्हणाल तर ती पॅनलच्या सावलीत बसतील, असं त्यांचं म्हणणं. मेंढराला आधी चारा लागतो आणि मग सावली, हा मुद्दा तसा गौण होता. कुंपण एवढं उंच होणार होतं की दोन्हीही बाहेरूनच बघावी लागणार होती.

बिरुदेवाची चुलती मायाक्का हिला त्या माळावर चरणाऱ्या मेंढरांशिवाय दुसरा आधार नव्हता. वस्तीवर बहुतेकांचं तसंच. तिनं बिरुदेवाला बोलावून घेतलं, कारण तो सोलापूरला राहून बी.ए. झाला होता आणि त्याचा अद्याप कुणाला उपयोग झाला नव्हता.

बिरुदेवानं मोबाईलवर वाचून काढलं. सभेला निदान शंभर माणसं लागतात, त्याला कोरम म्हणतात, कोरम नसला की सभा तहकूब. एरवी गावात हा कोरम सभा संपल्यावर भरायचा. शिपाई दारोदार हिंडायचा आणि लोक कशावर सही करतोय हे न विचारता सही करायचे. विचारणं बरं दिसत नाही. म्हणून बिरुदेवानं वस्तीला बजावलं, सभेला जायचं नाही आणि मागाहून अंगठाही द्यायचा नाही. वस्तीचे अंगठे नसले की शंभर भरत नाहीत, असा त्याचा हिशेब होता. बाकीच्या गावाला काही सांगावं लागलं नाही. ते तसंही जात नव्हतं.

सभेच्या दिवशी वस्तीनं मेंढरांची लोकर कातरायला काढली. दुपारी बातमी आली, सभा तहकूब झाली. मायाक्कानं बिरुदेवाच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "शिकवल्यालं वाया न्हाय गेलं म्हनायचं."

पुढच्या आठवड्यात तहकूब सभेची नोटीस लागली. लोकांनी विचारलं, आता काय? बिरुदेव म्हणाला, आता परत तेच. घरी बसून जिंकता येईल अशी लोकशाही आपल्याला सापडली, याचं त्यालाच कौतुक वाटत होतं.

त्या सभेलाही वस्तीवरून कुणी गेलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी तो रहिवासी दाखला आणायला पंचायतीत गेला. ग्रामसेवक अण्णाराव, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, त्यांनी त्याला बसवून चहा पाजला आणि सहज सांगितलं, की ठराव झाला. सर्वानुमते.

"कोरम कुटं होता पन?"

"तहकूब सभेला कोरम लागत नाही, बिरुदेव. नियमच आहे तसा. नाहीतर या देशात एकही सभा पार पडली नसती."

"मग आदी सांगायचं की, भाऊसाहेब."

"सभेला आला असतास तर सांगितलंच असतं की."

बिरुदेवाच्या हातातला चहा निवला. भाऊसाहेबांना त्याची दया आली असावी. दाराकडं बघत ते हळू आवाजात म्हणाले, की पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायला घेतील, तेव्हा हरकत घे. शंभर हात वर झाले तर मलाही ते लिहून घ्यावं लागेल.

बिरुदेव वस्तीवर आला आणि सांगू लागला, की या वेळी सगळ्यांनी सभेला जायचंय. तहकूब म्हणजे काय, हे त्यानं दोनदा समजावलं. मग मायाक्कानं विचारलं, "आदी जाऊ नगा म्हनलास, आता चला म्हनतोस. गुरुबसप्पा काय बोलला रं तुला?"

"त्यो भेटलाबी न्हाय मला, काकू."

"पंचायतीत चा पिलास न्हवं?"

याला नाही म्हणता येईना. एकेक जण धोतर झटकून उठला.

सभेला वस्तीवरून तो एकटाच गेला. इतिवृत्ताचा विषय आला तेव्हा त्यानं हात वर केला. भाऊसाहेबांनी तो इमानदारीनं मोजला आणि विरोधात एक असं लिहिलं. गुरुबसप्पांना तर भरून आलं. तरुणांनी असं पुढं यावं, विरोधही असावा, त्याशिवाय सभेला शोभा नाही, असं ते बोलले आणि टाळ्या झाल्या. हात मोजणं चालू असतानाच कुणीतरी सभेचा फोटो काढला होता. संध्याकाळी तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. फोटोत सभेला आलेला कंपनीचा माणूस हसत होता आणि त्याच्या शेजारी बिरुदेव हात वर करून उभा होता. हात कशासाठी वर आहे, हे फोटोत दिसत नव्हतं.

मग माळावर कुंपणाचे खांब आले.

वस्तीतली मेंढरं खाली रस्त्याच्या कडेनं चरायला निघाली तेव्हा बिरुदेवानं मायाक्काला गाठलं. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आमी दोनदा गेलो न्हाय, काय झालं न्हाय," ती म्हणाली. "तू एकदा गेलास आन् खांब आलं."

"काकू, ठराव आदीच झाला हुता. मी विरोधात…"

समोरून उसाचा ट्रक आला. मायाक्कानं काठी आडवी धरून मेंढरं ओढ्याच्या बाजूला दाबली. ट्रक गेला, धूळ बसली, तरी बिरुदेव रस्त्याच्या मधोमध तसाच उभा होता.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मेंढरं बुजत्यात."