तरीचा ठेका आणि सहा महिने

खाडीवरची तर चालवायचा ठेका ज्याचा अर्ज आधी, त्याला मिळायचा. आचऱ्याच्या सत्यवानाने तीन मार्चला कचेरी उघडताच, दहा वाजून दहा मिनिटांनी अर्ज दिला. गुरुदास त्याच दिवशी दुपारचं जेवून, वामकुक्षी आटोपून तीन वाजता आला. म्हणजे भांडणाला जागाच नव्हती. म्हणूनच साहेबांनी निकालाला सहा महिने लावले.

नऊ सप्टेंबरला सत्यवान आला आणि भिंतीवरची फाइलींची यादी पाहून थेट कारकुनाच्या टेबलाशी गेला. दोन्ही नावांपुढे एकच मजकूर होता: ३ मार्च १९५८.

"भाऊसाहेब, वेळ खंय गेलो?"

भिकाजी कारकुनाने ब्लेड पुसून खिशात ठेवलं. सहा महिने उलटले की वेळ खरवडायची आणि त्या जागी साल लिहायचं, असा नियम होता. रकाना अरुंद, दोन्ही मावत नाहीत. हे काम त्याने आज सकाळीच, अगदी मन लावून केलं होतं.

"साल माका म्हायत आसा," सत्यवान म्हणाला. "साल आमच्या कोंब्याक पण म्हायत आसा."

अर्जावर वेळ असेल, फाइल उघडा, असं त्याने विनवलं. साहेब फाइल बघत नाहीत, यादी बघतात, असं भिकाजीने सांगितलं. तक्रार असेल तर लेखी द्या. सत्यवानाने दिली. भिकाजीने ती त्याच्याच फाइलीत बांधली आणि यादीतली तारीख खोडून नवी घातली: ९ सप्टेंबर, ११.४०. फाइलीत शेवटचा कागद पडला ती तारीख यादीत लागते, हाही नियमच.

आता गुरुदास मार्चमधला आणि सत्यवान आजचा. साहेब निकाल द्यायला बारा वाजता यायचे होते. गुरुदास तर घरीच होता. निश्चिंत माणसाने कचेरीत कशाला यावं?

सत्यवान बाकावर बसला. डोक्याला हात लावला, तोंडातल्या तोंडात भिकाजीच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग यादीकडे बघता बघता तो उठला.

"आणखी एक कागद द्या."

"आता काय?"

"गुरुदासाचो अर्ज बरो आसा, असां लिवन देतंय. त्याच्या फाइलीत घाला."

प्रतिस्पर्ध्याची शिफारस भिकाजीने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पण कागद तो कागद. त्याने तो बांधला, घड्याळ पाहिलं आणि गुरुदासापुढे सुबक अक्षरात लिहिलं: ९ सप्टेंबर, ११.५५.

बारा वाजता साहेब आले. यादी पाहिली आणि तर सत्यवानाला दिली. पंधरा मिनिटं आधीचा अर्ज.