जीपवरचा गुलाम

सरपंचपदाची निवडणूक मी जिंकले आणि हार पडले मिस्टरांच्या गळ्यात. सायखेड्याच्या अलीकडचं आमचं गाव. जागा महिलांसाठी राखीव, तरी बॅनरवर ह्यांचा, म्हणजे धनराजरावांचा, फोटो दाराएवढा आणि माझा खाली कोपऱ्यात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मिरवणुकीला जीप सजली, फुलं उधळायला जेसीबी आला. मला निरोप मिळाला, की ओवाळायला दारात थांब.

धाकटे दीर नवनाथ नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवतात. ते मिस्टरांना सांगत होते, की रोममध्ये जिंकून आलेल्या सेनापतीची मिरवणूक निघायची, तेव्हा रथात त्याच्या मागे एक गुलाम उभा असायचा म्हणे. तो कानात सांगायचा, 'तू माणूसच आहेस, विसरू नकोस.' हे जुनं शहाणपण आजच्या पुढाऱ्यांना फार लागू आहे, असं भावजींचं म्हणणं. मला तर हा नवऱ्याला सेनापती करायचा डाव वाटला.

"भावजी, लढाई त्या सेनापतीनंच जिंकलेली असायची ना?" मी विचारलं.

"हो, वहिनी," म्हणाले आणि चहाच्या कपात बघायला लागले.

मिस्टर मात्र खूश. "रील लय भारी होईल! पण मागं कोण उभं राहील?"

गुलाम व्हायला एकही कार्यकर्ता तयार होईना. मग ह्यांची नजर माझ्यावर आली. "आशा, तूच ये. घरचं माणूस बरं दिसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जीपवर चढायला तर मिळत होतं. मी पदर खोचला आणि चढले.

चौकात गुलाल उडाला, सगळ्यांचे मोबाइल वर झाले. ह्यांनी मान जराशी मागे केली. "म्हण की आता."

मी कानाशी वाकले. "सरपंच तुम्ही नाय, मी हाय. उद्या पदभार मी घेणार, खुर्चीत मीच बसणार. सरका बाजूला."

सगळं गाव शूटिंग करत होतं. काय करतील? हसत हसत हात जोडले आणि सरकले. त्या हसण्यावर माझा अजून विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत भावजी पेढे घेऊन आले. "वहिनी, आता तुमच्या मागं कोण उभं राहणार?"

"मी हाय की," मिस्टर लगेच पुढे झाले.

मी खुर्ची ओढली, पार भिंतीला टेकवली आणि बसले.