फायलीत शिरलेली शून्ये

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम तुकड्यातुकड्याने यंत्राच्या भाषेत आणून जोडणे, हे माझे काम. आमच्या कंपनीत रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणाऱ्या पंपांचे प्रोग्राम बनत. आम्ही चार संगणक तुकडे तयार करून एका सामायिक साठ्यात ठेवत असू. तो साठाही अनेक यंत्रांवर विखुरलेला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई आणि साठा सांभाळणारे गृहस्थ नवराबायको होते. माझ्या कामावर बाईंचा फार भरवसा होता.

एकदा चाचणीचा पंप मध्येच बंद पडला. तोच प्रोग्राम पुन्हा बनवला, तर सुरळीत चालला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच रडगाणे!

"या म्हाताऱ्याचंच डोकं फिरलंय," साहेब म्हणाले. मला कोपऱ्यात बसवले. मी झिजलो होतो, पण बिघडलो नव्हतो. हे सांगणार कोणाला? माझ्या जागी आलेल्या नव्याकोऱ्या संगणकानेही तोच घोटाळा केला.

"तुझा साठाच सडलाय," बाई नवऱ्यावर कडाडल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं! प्रोग्राम तपास आधी."

दोघे वेगवेगळ्या टेबलांवर डबा खाऊ लागले.

शेवटी बाईंनी चांगली आणि बिघडलेली फाइल ताडून पाहिली. बिघडलेल्या फायलीच्या पोटात एका तुकड्याच्या जागी नुसती शून्ये होती.

"अगं, पण साठ्यात हा तुकडा धडधाकट आहे!" गृहस्थ चक्रावले.

मग उलगडा झाला. एका संगणकाने लिहिलेला तुकडा साठ्यात पुरता पोहोचण्याआधीच दुसरा तो जोडणीसाठी वाचत होता. न पोहोचलेल्या मजकुराच्या जागी त्याला शून्ये मिळत होती.

बाईंचा चेहरा उतरला. "अरे, रुग्णालयात पाठवलेला प्रोग्राम?"

त्यातही शून्ये निघाली. गृहस्थांनी लगेच रुग्णालयात फोन लावला. "चूक आमची आहे. पंप ताबडतोब थांबवा."

"एक सकाळीच आपोआप थांबला होता," पलीकडून परिचारिका म्हणाली. "मी शेजारी होते म्हणून निभावलं."



आता प्रत्येक प्रोग्राम एकाच संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर तयार होतो आणि पडताळूनच साठ्यात जातो. मलाही पुन्हा कामाला जुंपले आहे. पण मित्रांनो, ती सकाळ मनातून जात नाही. जुन्याच्या माथी खापर फोडून मोकळे होऊ नका. आणि एकदा चालले म्हणजे बरोबरच आहे, असे समजून काही पुढे पाठवू नका. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी माणूस निजलेले असते.